पाठीवरचा चीक

डाग बायकोच्या कोटाच्या पाठीवर होता, आणि तिथेच सगळं बिनसलं. बाहीवर असता, खिशाच्या तोंडाशी असता, तर त्याने तो बोलता बोलता काढला असता आणि जेवताना तिला त्यावरून चार टोमणेही मारले असते. पण हा डाग दोन खांद्यांच्या बरोबर मधोमध होता, तळहाताएवढा, पिवळसर, कडेला काळपट, बोट लावलं की चिकटणारा. त्याने कोट दुकानातल्या डाग काढायच्या टेबलावर पसरला, वरचा दिवा खाली ओढला, वास घेतला. झाडाचा चीक. ड्रायक्लीनिंगच्या धंद्यात त्याची उभी हयात गेली होती. गिऱ्हाइकं त्याला थट्टेने डागांचा डॉक्टर म्हणत आणि ती थट्टा तो बिल्ल्यासारखी मिरवत असे. शाई, गंज, लिपस्टिक, डांबर. नुसत्या वासावरून आणि कडांवरून तो सांगे, डाग कधी पडला, कशाने पडला आणि गिऱ्हाइकाने घरी कुठला भलता उपाय करून तो आणखी पक्का केला. तेव्हा हा चीक ताजा आहे आणि घासून नाही तर दाबून लागलेला आहे, हे त्याला क्षणात कळलं. घासून लागला असता तर कापडाचे तंतू एका बाजूला झोपले असते. इथे तो सरळ आत मुरला होता. म्हणजे बायको एखाद्या झाडाला पाठ लावून, अंगाचा भार टाकून, चांगली बराच वेळ उभी होती. आणि मग, मागे इस्त्रीची वाफ फसफसत असताना, काउंटरवर एक गृहस्थ हरवलेल्या पावतीवरून हुज्जत घालत असताना, त्याला तो प्रश्न पडला, जो दुसऱ्या कुणाला पडलाच नसता. माणूस झाडाला अशी पाठ कधी लावतो? समोर कुणी उभं असतं तेव्हा. त्याने दिवा मालवला आणि पावतीची भानगड निस्तरायला तो बाहेर गेला.

पण पाल चुकचुकायची ती चुकचुकली होती. गेल्या सुट्टीला बायको ताईकडे जाते म्हणून दिवसभर बाहेर होती. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. तिचं घर एका टायरच्या दुकानावर, समोर गोदाम, बाजूला दुसरं गोदाम. आसपास झाड म्हणावं असं एकच होतं, ताईच्या खिडकीतल्या कुंडीत, आणि तेही वाळलेलं. त्याने घरून आणलेल्या कपड्यांच्या पिशवीतून बायकोची पँट काढली आणि पायाशी दुमडलेली पट्टी उलटी केली. यात पाळत वगैरे काही नव्हती, असं त्याने स्वतःला बजावलं. मशीनमध्ये कपडा टाकण्याआधी खिसे उलटे करायचे, दुमडी उघडून ब्रश मारायचा, हा धंद्याचा नियमच. एक खडा राहिला तरी तो आत फिरून दहा जणांचे कपडे खराब करतो. दुमडीतून वाळू पडली. काळी, बारीक, मध्ये शिंपल्याचा चुरा. चीक आणि वाळू. जंगल आणि समुद्र. हे दोन्ही जिथे एकमेकांना चिकटून आहे अशी एकच जागा शहरातून एका दिवसात जाऊन येण्याजोगी होती: किनाऱ्यावरचं ते राखीव वन, ज्याची चित्रं बसथांब्यांवर लावलेली असत. तिथे ती दोघं कधी गेली नव्हती. जाऊ जाऊ म्हणत राहिली होती, माणसं म्हणतात तसं. आणि सर्वांत वाईट म्हणजे कोट तिने स्वतः पिशवीत टाकला होता. लपवला असता तर लपवला म्हणून संशय आला असता. लपवला नाही, म्हणून जास्तच आला. इतकी निर्धास्त? की तिला वाटतं, याला काय कळतंय? डागांच्या डॉक्टरला? त्याने टर्पेंटाइन घेतलं, मग स्पिरिट, मग साबण, आणि डाग असा काढला की स्वतःलाही जागा सापडू नये. कोट घरी नेऊन तिच्या खुंटीला लावला. तोंडातून चकार शब्द काढला नाही.

गप्प बसणं त्याला वडिलांनी शिकवलं होतं. दुकान त्यांचंच. लहानपणी शाळा सुटली की तो त्या वाफेत येऊन बसायचा आणि बाबा त्याला कपडे वाचायला शिकवायचे. हा बघ, हा माणूस नोकरी सोडून बसलाय, घरी सांगितलेलं नाही; कोपर झिजलं नाही, बुड झिजलंय, दिवसभर बागेतल्या बाकावर असतो. आणि ही बाई रडते, रुमालाने पुसत नाही, बाहीने पुसते. बाबा हे हळू आवाजात सांगायचे आणि मग म्हणायचे, आपण बोलायचं नाही, आपण फक्त धुवायचं. त्याला ते फार थोर वाटायचं. घरी आईचे कपडे यायचे तेव्हाही बाबा तसेच दिव्याखाली धरायचे. आईने मग कधीतरी आपल्या सगळ्या कपड्यांचे खिसे शिवून टाकले. बारीक, सुबक टाक्यांनी. एकदा तो आईच्या कोटाच्या खिशात हात घालायला गेला, थंडी होती, आणि हाताला खिसाच लागला नाही. नुसती रेघ होती. त्याने विचारलं तेव्हा आई म्हणाली होती, काही ठेवायचंच नाही, तर उघडे कशाला? त्याला ते बरोबर वाटलं होतं. आई नीटनेटकी बाई, असंच तो इतकी वर्षं सांगत आला होता. आता रात्रीच्या जेवणाला बायको समोर बसलेली असताना त्याला ती रेघ आठवत होती, का आठवत होती ते त्याला कळत नव्हतं, आणि तो ब्रेडचा तुकडा उगाच बारीक बारीक करत होता.

बायको दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे तिच्या टेबलावर रांगेने आ वासून बसलेले असत आणि ती मेणात एकेक दात उभा करत असे. शांत काम, शांत बाई. थट्टा तीही करायची, पण कमी. अलीकडे आणखी कमी. की आधीपासूनच कमी होती? हेही आता ठरवता येईना. संशयाचं हेच आहे, तो मागे जाऊनही काम करतो. जुन्या, धुऊन घडी घालून ठेवलेल्या दिवसांवरही त्याला काहीतरी दिसू लागतं. गेल्या वर्षी ती एकदा उशिरा आली होती आणि केसांना वाऱ्याचा वास होता. वाऱ्याला वास असतो? तेव्हा नव्हता, आता होता. तिने कुणाबरोबर निघून जायचं ठरवलं तर आपण काय करू, याचं उत्तर त्याला माहीत होतं, आणि त्यानेच त्याची झोप उडाली होती: आपण काही करू शकणार नाही. घरी जाऊन ज्याच्याशी बोलावं असं या जगात दुसरं माणूस त्याला नव्हतं. तिच्यावर त्याचं प्रेम होतं, अगदी साधं, बोलता न येणारं, आणि त्याच प्रेमाने तो तिच्या पँटची दुमडी उलटी करत होता.

"रविवारी कुठेतरी जाऊ या," तो म्हणाला. आवाज सहज ठेवला होता, इतका सहज की त्यालाच खोटा वाटला. "ते समुद्रावरचं जंगल आहे ना. छान आहे म्हणतात."

तिचा चमचा ताटलीच्या वर क्षणभर थांबला. थांबला, हे त्याने पाहिलं.

"कोण म्हणतं?" तिने विचारलं.

"गिऱ्हाइकं म्हणतात."

"बरं. जाऊ या की." आणि ती पाणी प्यायली. किती लांब आहे, बस कुठून मिळते, खायचं काय न्यायचं, यातलं तिने काही विचारलं नाही. भाजी आणायला जातानाही जिला छत्रीचा विचार पडतो, त्या बाईने.

रविवारी बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि तो तिच्या चेहऱ्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवून राहिला. शहर संपलं, कारखान्यांच्या भिंती संपल्या, रस्ता उताराला लागला. वळणावरून पहिल्यांदा समुद्र दिसला तेव्हा गाडीतले सगळे त्या बाजूला वाकले, पण ती वाकली नाही. वळण येण्याच्या आधीच ती तिकडे पाहत होती. राखीव वनाच्या फाटकाशी जमिनीत ताठ दातांचे मोठे ब्रश बसवलेले होते. बाहेरचं बी-बियाणं आत जाऊ नये आणि आतली वाळू-माती बाहेर येऊ नये, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने बुटांचे तळवे घासायचे, असा तिथला नियम. फलक लांबलचक होता. तो पहिल्या ओळीवर होता तोवर तिचे दोन्ही बूट घासून झाले होते, आणि ती पलीकडे उभी राहून कोटाची बटणं लावत होती. त्याने मात्र उभं राहून सबंध फलक वाचला, शेवटच्या सूचनेपर्यंत, कारण मान वर केली तर तिला आपला चेहरा दिसेल अशी त्याला धास्ती वाटली. ब्रशवर पाय घासताना त्याला विनाकारण हसू आलं. दुमडीतली वाळू काढायला मात्र इथे कुणी सांगितलेलं नव्हतं. ती वाळू नसती, तर तो फसला असता.

वन म्हणजे उंच, सरळ, खरबरीत सालीची झाडं, आणि प्रत्येक झाडाच्या अंगावर चिकाचे ओघळ. काही जुने, दगडासारखे कडक. काही ओले, उन्हात चमकणारे. पायाखाली सुयांसारख्या बारीक, वाळलेल्या पानांचा असा मऊ, जाड थर की पावलं वाजत नव्हती, आणि त्याला ते आवडलं नाही. जिथे पावलं वाजत नाहीत तिथे माणूस कुठूनही येऊ शकतो. वाट फुटली तिथे दोन बाण होते आणि ती डावीकडच्या वाटेला लागली. मुद्दाम त्याने विचारलं, "इकडूनच कशावरून?" ती म्हणाली, "इकडे समुद्राचा आवाज येतोय." येतही होता. तिचं उत्तर बरोबर होतं आणि म्हणूनच त्याला ते तयार ठेवल्यासारखं वाटलं. समोरून गळ्यात दुर्बीण अडकवलेला एक पक्षीवाला आला, पिकलेल्या दाढीचा, आणि त्याने जाता जाता मान लववली. दोघांना? की तिला? तिनेही मान लववली. त्याने मागे वळून पाहिलं तेव्हा पक्षीवालाही मागे वळून पाहत होता. हा? या वयात? मग त्याच्या लक्षात आलं की तो त्यांच्या डोक्यावरच्या फांदीकडे पाहतोय, आणि फांदीवर खरोखरच एक पक्षी आहे. याचाही त्याला रागच आला. चालता चालता तो झाडांवर हात फिरवत होता, बायकोच्या खांद्याची उंची मनात धरून. इथे नाही. इथेही नाही, इथला चीक फार वर आहे. कुठल्याही शहाण्या माणसाने समुद्राकडे पाहिलं असतं. तो एका नसलेल्या माणसाची उभं राहायची जागा शोधत होता आणि ती सापडेल अशी त्याला भीती वाटत होती.

जंगल एकदम संपलं आणि वाळू सुरू झाली. काळी, बारीक, ओळखीची. पुढच्या सुळक्यापलीकडे आणखी एक किनारा होता, पण भरतीचं पाणी मध्ये शिरतं म्हणून तिथे वनरक्षकाशिवाय सोडत नसत. वनरक्षक एक धिप्पाड बाई होती, गळ्यात शिट्टी, उन्हाने रापलेली. ती त्यांना सुळक्याच्या कडेने घेऊन गेली आणि पाण्यात थोडं आत उभ्या असलेल्या खडकासमोर थांबून, पाठ झालेल्या आवाजात सांगू लागली.

"पूर्वी इथे होड्या बांधायचे. या झाडांचा चीक होडीच्या फटींत भरायचे. तो भरणारा एक कारागीर होता. त्याची बायको ओहोटी लागली की त्या खडकावर जाऊन बसायची. समुद्रातून तिला भेटायला एक देखणा पुरुष यायचा म्हणे. एक दिवस नवऱ्याने दोघांना पकडलं, समुद्र कोपला, आणि तिघांचीही शिळा झाली. म्हणून खडकाला तीन टोकं आहेत. फोटो काढायचा तर इथून काढा, चांगला येतो."

तो तिच्याकडे वळला. आणि त्याच वेळी शेजारून बायकोचा आवाज आला, अगदी साधा.

"मला तुम्ही गोष्ट वेगळी सांगितली होती."

वनरक्षक बाईने तिच्याकडे नीट पाहिलं आणि तिचा पाठ केलेला आवाज गळून पडला. "अगंबाई, तुम्ही होय! आज ओळखलंच नाही, सोबत कुणी असतं का कधी तुमच्या? अहो, एकटी माणसं आली की मी ती खरी सांगते. जोडप्यांना ही तीन टोकांची. ती दुसरी ऐकून मागे एका जोडप्याची या इथे वाळूत अशी जुंपली, की मला शिट्टी वाजवावी लागली."

सोबत कुणी असतं का कधी. त्याचा जीव भांड्यात पडला. इतक्या जोरात पडला की त्याला खाली बसावंसं वाटलं. एकटी. ती एकटी येत होती. आणि त्याचा श्वास पुरता खाली बसायच्या आत, दुसऱ्या कुणाचा तरी बोलावा तसा एक विचार त्याच्या डोक्यात बोलला: या बाईला पढवून ठेवली नसेल कशावरून? तो विचार त्याला स्वतःलाच किळसवाणा वाटला. पण तो आला होता.

"ती दुसरी सांगा ना," तो म्हणाला.

बाईने बायकोकडे पाहिलं. "सांगा," बायको म्हणाली.

"कुणी येत नव्हतं हो. ती आपली बसायची. वाऱ्याने तिचा डोळा लागायचा. नवऱ्याच्या मनाने घेतलं, की कुणीतरी येतच असणार. तो झाडांत दडून बसला. पाणी चढायला लागलं. हाक मारावी, तर जो येणार तो सावध होणार. म्हणून त्याने हाक मारली नाही. आता येईल, मग येईल, करत राहिला." बाईने हात झटकले. "पुढे काय व्हायचं ते झालं."

"आणि तो?"

"तो म्हणे मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, तुम्ही त्याला पाहिलंत का." मग बाईचं लक्ष दूर दोरी ओलांडून जाणाऱ्या लोकांकडे गेलं आणि ती शिट्टी फुंकत तिकडे धावली.

दोघंच उरली. पाणी पायांपाशी येऊन जात होतं. त्याला माफी मागायची होती, पण कशाची ते सांगितल्याशिवाय मागता येत नव्हती. तोंड उघडलं तेव्हा त्यातून भलतंच निघालं.

"झाड कुठलं?"

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग वळली आणि वाळूच्या कडेच्या एका झाडाशी गेली, इतर झाडांसारखंच एक झाड. त्याला पाठ टेकून उभी राहिली, कोटासकट, आणि डोळे मिटले. तिच्या खांद्यांतला ताण उतरताना त्याला दिसला. चेहरा सैल झाला, ओठ थोडे विलग झाले. इतक्या वर्षांत हा चेहरा त्याने घरी कधी पाहिला नव्हता. तो तिच्या समोर उभा होता. आजवर तिथे कुणी उभं राहिलंच नव्हतं, पहिला तोच होता.

"कोट मी मुद्दाम पिशवीत टाकला होता," डोळे मिटूनच ती म्हणाली. "म्हटलं, विचारशील. जेवताना म्हणशील, काय गं, कुठे चिकटून आलीस. मी सांगणार होते. तू डाग काढलास आणि बोलला नाहीस. लिपस्टिकचा एवढासा ठिपका काढलास तरी तू मला अर्धा तास ऐकवतोस. खुंटीला नुसता स्वच्छ कोट."

"ताईकडे जाते म्हणाली होतीस."

"हो. खोटं बोलले. तुला खरं सांगितलं असतं, एकटीच जाऊन झाडाला टेकते म्हणून, तर तुला पटलं असतं?"

तो बुटाने वाळू उकरू लागला.

"दिवसभर मी लोकांच्या तोंडात बघते," ती म्हणाली. "घरी आले की तू माझ्याकडे बघतोस. प्रेमाने बघतोस, मला कळतं ते. पण बघतोसच. आज थकलीस, आज कुणाशी वाजलं, आज बाहीला काय लागलं. इथे मला कुणी वाचत नव्हतं रे. एवढंच होतं. याच्यापेक्षा मोठं काही नव्हतंच."

परत फाटकाकडे येईपर्यंत त्याला हलकं हलकं वाटत होतं. आजारातून उठल्यासारखं ऊन चांगलं वाटत होतं, भूक लागली होती. तिच्या मागून चालताना तो न थांबता बोलत होता. चीक काढताना गरम पाणी कसं लावायचं नसतं, त्याने कसा बिघडतो, टर्पेंटाइनचा हात कसा हलका हवा, हे सगळं जे त्याने त्या दिवशी जेवताना सांगायला हवं होतं. ती हं म्हणत होती. थांब्यावर दोघं बाकावर बसली. दुपारचा वारा सुटला होता आणि रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. त्याने तिचा हात हातात घेतला, तिने घेऊ दिला.

"मी आता इथे नाही यायची," ती म्हणाली.

"का? ये की. मी एका शब्दाने विचारणार नाही. खरंच सांगतो, तू ये."

"तुला माहीत झालंय ना आता." तिच्या आवाजात राग नव्हता, त्याला वाटलं, असता तर बरं झालं असतं. "असू दे. शोधीन दुसरी एखादी जागा."

शोध, असं म्हणायचं होतं त्याला. तो शब्द त्याने मनात तयारही केला, अगदी मनापासून. शोध, जरूर शोध, आणि मला सांगू नकोस. त्याने तोंड उघडलं.

"कुठे?" तो म्हणाला.

तिने आपला हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. बस आली. बस अर्धीअधिक रिकामी होती. ती त्याच्या आधी चढली आणि ड्रायव्हरच्या मागच्या एकट्याच्या सीटवर जाऊन बसली.